घोडी हलत नाही

४ फेब्रुवारी

चि. भाचीस,

अनेक आशीर्वाद. त्यातले उत्तम तेवढे तू ठेवून घे, उरलेले आईला दे. चि. म्हणजे चिरंजीव असं शाळेत शिकवलं होतं, पण तू बाइंडिंगखान्यात लागल्यापासून मी ते चिकट असंच वाचतो. परवा तू शिवलेली वही टपालाने आली. पानं ओढून बघितली, एकही सुटलं नाही. शाबास.

रोज अर्धा तास गिटार घेऊन बसते असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस, ते मी दोनदा वाचलं. माझ्या डाव्या हाताची ती दोन बोटं अजून वळायला तयार नाहीत. वजनकाटे दुरुस्त करायला उरलेली पुरतात, कंपनी अजून अधूनमधून बोलावते, पण तारा दाबणं काही आता व्हायचं नाही. म्हणूनच तीन वर्षांपूर्वी गिटार तुझ्या हवाली केली. तिचं कसं चाललंय हे खोदून विचारायची वेळ आली नव्हती. आता आली आहे.

तिची तब्येत मला सविस्तर कळव. साधी गिटार असती तर मोडली की नाही एवढ्यावर भागलं असतं. हिचं पोट व्हायोलिनसारखं फुगीर, जाड लाकडातून कोरून काढलेलं. मध्ये गोल भोक नाही, दोन बाजूंना दोन वळणदार फटी. वय माझ्याहून जास्त. या वयात सगळं ठीक आहे असं कुणी सांगितलं तर ते खरं धरत नाहीत. तेव्हा मान सरळ आहे का, पडदे किती झिजले, चाव्या फिरतात का, पोटावरची ती चीर वाढली का, कडेची पट्टी किती सुटली, हे डोळ्यांनी बघून लिही. आणि घोडी. तारा जिच्यावर टेकतात ती काळी लाकडी घोडी जागेवर आहे ना? तिच्या दोन्ही पायांशी पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत, त्या दिसतात का बघ.

एका माणसाला ती दाखवायची आहे. कोण आणि कशाला, ते आत्ता विचारू नकोस. जसं आहे तसं लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

कळावे. आणि लवकर कळवावे.

तुझा मामा


११ फेब्रुवारी

ती. मामास,

साष्टांग नमस्कार. आठातली सात अंगं टेकवली आहेत, आठव्याने गिटार धरली आहे.

तुम्ही पेपरच काढलात की. बरं, घ्या उत्तरं. मान सरळ आहे. बाइंडिंगखान्यातली लोखंडी पट्टी आणून लावून बघितली, मधे कागदसुद्धा जात नाही. पहिल्या तीन पडद्यांवर खाचा पडल्यात, त्या तुमच्या बोटांच्या, मी त्यांची जबाबदारी घेत नाही. सहाही चाव्या फिरतात, चौथी कुरकुरते, आईसारखी. पोटाचा रंग मध्यभागी मधासारखा आणि कडेकडेला काळपट होत गेलेला, तसाच आहे. पॉलिशला बारीक बारीक भेगा आहेत, जुन्या पुस्तकाच्या कातडी पुठ्ठ्याला पडतात तशा. त्या वाढल्या असतील तर माझ्या नकळत. खालच्या फटीजवळची चीर दोन बोटं लांब आहे, नख फिरवलं तर लागत नाही. कडेची पांढरी पट्टी आता विडी ओढणाऱ्याच्या दातांसारखी पिवळी झालीय आणि कमरेपाशी तिचे तुकडे पडतात. पडलेले तुकडे मी पाकिटात जपून ठेवलेत, पाकिटावर लिहिलंय कुठले कुठले ते. पाठीवर तुमच्या पट्ट्याच्या बक्कलने घासून केलेलं बेट जसंच्या तसं आहे.

घोडीचं म्हणाल तर ती अगदी पक्की आहे. तसूभर हलत नाही. सगळ्या तारा काढल्या तरी जागची हलणार नाही, इतकी छान आहे. रेघा मात्र नीट दिसल्या नाहीत, खोलीत उजेड कमी होता.

माझा सराव चालू आहे. त्या दाखवायच्या माणसाबद्दल मी काही विचारत नाही, म्हणजे किती विचारावंसं वाटतंय ते समजून घ्या. विकणार नाही ना, एवढंच.

लोभ आहे तेवढाच राहू द्या, वाढवू नका.

भाची


१३ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार, आणि त्याच्या मागोमाग भांडण. तू लेकीला काय लिहिलंस? तुझं पत्र आल्यापासून पोरगी दोन घास खाते आणि उठते. गिटारवर चादर घातलीय. मी झाडायला गेले तर म्हणाली की तिला हात लावू नकोस, तिला बरं नाहीये. लाकडाला बरं नाहीये. मी विचारलं डॉक्टरला बोलवू का, तर रडायलाच लागली.

गिटार कुणाला द्यायचं तुझ्या मनात असेल तर आधी मला सांग. हॉटेलच्या मालकाने भरल्या हॉलमध्ये स्टेजवर येऊन ती तुझ्या गळ्यात घातली, हे मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले. आधी तू सांगायचास, मग मी सांगायला लागले, आणि खरं सांगू का, माझं सांगणं तुझ्यापेक्षा चांगलं झालं. मालकाचे डोळे पाणावले होते हे तू कधीच सांगितलं नव्हतंस, ते मीच घातलं. बसतं छान.

तू इकडे यायचं नाव घेत नाहीस. कंपनीचं काम आमच्या गावात कधीच निघत नाही का?

तब्येतीला जप. मी रागावले आहे, हे माहीत असू दे.

तुझी बहीण


१७ फेब्रुवारी

चि. भाचीस,

आशीर्वाद. तुझं पत्र छान आहे. पट्टीचे तुकडे पाकिटात ठेवणारी माणसं जगात फार नसतील.

पण घोडी हलत नाही म्हणजे काय?

या जातीच्या गिटारची घोडी चिकटवलेली नसते. ती नुसती उभी असते. तारांचा ताण तिला वरून दाबून धरतो, एवढ्यावरच ती उभी. तारा सैल केल्या तर बोटाने सरकते, सगळ्या काढल्या तर पडते. म्हणून तारा एकेक करून बदलायच्या, सगळ्या एकदम काढायच्या नाहीत. आणि म्हणून तर पेन्सिलीच्या रेघा. घोडी चुकून सरकली तर ती कुठे उभी करायची ते त्या सांगतात. गव्हाच्या दाण्याएवढी इकडची तिकडे झाली तरी वरच्या पडद्यांवर सूर बेसूर होतो.

हे मी तुला गिटार देताना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, चूक माझी. आता तू मला सांग.

वाट बघतो.

मामा


२१ फेब्रुवारी

ती. मामास,

नमस्कार. आज अंगं मोजत नाही.

मी घोडी चिकटवली.

अकरा महिने झाले. मला गिटार एकदा पोटभर पुसायची होती, म्हणून सगळ्या तारा एकदम काढल्या. शेवटची तार सुटली आणि घोडी माझ्या मांडीवर पडली. दाताचा तुकडा हातात आला की वाटतं ना, तसं वाटलं. मला वाटलं मी ती मोडली. तुम्हाला लिहायला बसले, दोन ओळी लिहिल्या, फाडल्या. मग माझ्या हाताने तेच केलं जे तो दिवसभर करतो. घरात सरस होता. घोडीचे पाय नीट खरवडले, सरस गरम करून लावला, वर कायद्याची दोन जाड पुस्तकं ठेवली, कुणा वकिलाची आली होती शिवायला. दुसऱ्या दिवशी हलवून बघितली. हलली नाही. मला केवढा आनंद झाला होता ते आठवून आता अंगावर काटा येतो. आणि त्या रेघा. मला त्या मळ वाटल्या. ओल्या फडक्याने पुसल्या.

घोडी कुठे होती ते मी अंदाजाने ठरवलं होतं. तारा लावल्या तर खाली ठीक, वर गेलं की सगळं कसंनुसं वाजायचं. मला वाटलं माझे कानच खराब. दोन आठवडे प्रयत्न केला आणि सोडून दिलं. तेव्हापासून मी एकदाही वाजवलेली नाही. तुमच्या प्रत्येक पत्राला रोज अर्धा तास असं लिहीत आले. एकदा तर पाऊण तास लिहिलं. घोडी चिकटवली हे मी न कळून केलं. पाऊण तास मात्र कळून लिहिला. त्याचीच जास्त लाज वाटते.

तुमचं पत्र आल्यावर घोडीखालचं लाकूड आतून तडकलं का ते बघायचं होतं. विजेरी आणि आईचा पावडरच्या डबीतला आरसा घेऊन फटीतून आत बघितलं. तडा नाही. पण पाठीच्या लाकडावर आतून पेन्सिलीने लिहिलंय. अक्षर वेडंवाकडं आहे, लांब काठीला पेन्सिल बांधून लिहिल्यासारखं. लिहिलंय, ही काडीची आहे, काडी नसताना वाजवलीस तर पुसून ठेव.

मामा, काडी कोण? मालकाने ती तुम्हाला द्यायच्या आधी ती कुणाची होती का?

रागवा, पण पत्र पाठवा. लोभाचं काय ते तुम्हीच ठरवा.

चिकट


१ मार्च

चि. भाचीस,

आशीर्वाद द्यायला जो हात वर जायला हवा तो आज खिशातच आहे.

तुझं पत्र चार दिवस टेबलावर होतं. तू एका ओळीत लिहिलंस, मी घोडी चिकटवली. मलाही तसंच लिहायचं होतं, जमत नव्हतं. आता लिहितो. मालकाने मला काही दिलं नाही. गिटार काडीची आहे. मी ती चोरली.

काडी म्हणजे माझा मित्र. इतका बारीक की स्टेजवर गिटारच्या मागे दिसायचा नाही, म्हणून काडी. हॉटेलच्या तळघरात नाचाचा हॉल होता, तिथे आम्ही दोघं वाजवायचो. तो पुढे, मी मागे ठेका धरून. माझी गिटार प्लायवुडची होती, खोक्यासारखा आवाज. त्याचे वडील आजारी पडले आणि त्याला दोन महिने गावी जावं लागलं. जाताना गिटार माझ्या हातात दिली. रेघा त्याने माझ्यासमोर मारल्या. आतलं ते वाक्य त्याने आधीच कधीतरी गंमत म्हणून लिहिलं होतं, दाखवून हसला. मी पुसून ठेवत होतो. रोज. दोन महिने त्याच्या खुर्चीत बसून वाजवलं आणि लोक माझ्याकडे बघायला लागले. त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

तो यायच्या आठवड्यात नळ फुटून तळघरात पाणी भरलं. ड्रमचे तुकडे तरंगत होते. तो आला तेव्हा मी सांगितलं की तुझीही गेली, पाण्यात गेली. ती त्या वेळी माझ्या खाटेखाली होती. तो जिन्यावर बसला. मग माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाला की तू कशाला तोंड पाडतोस, तुझा काय दोष. मला चहा पाजला. बिस्किटं समोर सरकवली. मी खाल्ली.

महिन्याभरात मी ते शहर सोडलं. आमची काडीमोड ही अशी झाली, आणि दोघांपैकी एकाला ती झाल्याचं माहीतही नव्हतं. त्याने दुसरी गिटार घेतली नाही असं पुढे ऐकलं. टपालखात्यात लागला. आणि मी? कुणी ओळखेल या भीतीने चारचौघांत पुन्हा वाजवलं नाही. दार लावून वाजवायचो. मामा लाजाळू आहे असं तुम्ही सगळे म्हणायचात. लाजाळू नव्हतो, लाज होती. बक्षिसाची गोष्ट घरच्यांसाठी रचली. तुझ्या आईच्या तोंडी ती इतकी रंगली की आता मलाच त्या मालकाचे पाणावलेले डोळे दिसतात.

पुढचं जास्त वाईट आहे. जानेवारीत मी तुमच्या गावात आलो होतो. एका दवाखान्यातला वजनकाटा दुरुस्त करायला. काम झाल्यावर नर्सने एका पेशंटलाच वर उभं केलं, म्हणाली बघा बरोबर दाखवतोय का. चपला काढून जो माणूस चढला तो काडी. मी खाली वाकलेलो होतो. त्याचे पाय बघूनच ओळखलं, ठेका धरताना डाव्या पायाचा अंगठा उचलायचा, तसाच उचललेला. काट्यावर अठ्ठेचाळीस आले. मी आयुष्यभर काटे खरे करत आलो, आणि तोंडातून निघालं, एक्कावन्न. का ते मला अजून सांगता येत नाही. त्याला तीन किलो द्यावेसे वाटले. तो आभार मानून उतरला. मी खाली एक घट्टच असलेला स्क्रू पिळत राहिलो. टेबलावरच्या कागदावर त्याचा पत्ता वाचला आणि थेट स्टँडवर गेलो. तुमचं घर तिथून पंधरा मिनिटांवर. आलो नाही, कारण गिटार त्या घरात होती.

औषध वजनावर ठरतं हे मला बसमध्ये सुचलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन करून सांगितलं की काटा तीन किलो जास्त दाखवत होता, पुन्हा वजन घ्या. म्हणजे ते पापही मी काट्यावर ढकललं.

गिटार त्याला परत द्यायची आहे. वजन बघता फार वेळ नाही. पण माझ्याने जाववत नाही. पत्ता खाली लिहिलाय. तू नेऊन दे. माझं नाव न घेता दिलीस तरी चालेल. आईला यातलं काही सांगू नकोस.

माझ्यावर लोभ ठेव असं लिहायचा हक्क उरलेला नाही.

मामा


६ मार्च

ती. मामास,

नमस्कार, तोच पूर्वीचा. तो मी काढून घेतलेला नाही.

आधी घोडीचं. सरस हे आमच्या धंद्यातलं जुनं माणूस आहे, फार ताणत नाही. गरम ओल्या फडक्याने शेक दिला की सुटतो. आमचे जुने कारागीर पहिल्या दिवसापासून सांगतात, लावतानाच सोडवायचं डोक्यात ठेव. काल सकाळी सुट्टी काढली, आईला बाजारात पाठवलं. हाडाची पातळ पट्टी घेतली, शेक देत देत एक एक केसभर आत सरकवत गेले. पाऊण तास लागला. हा खरा पाऊण तास आहे. पहिला पाय सुटला तेव्हा चट् असा आवाज झाला आणि मी पट्टी टाकून बाहेर पळाले. लाकूड तुटलं नव्हतं. पॉलिशच नाराज झालं होतं. ओलीने तिथे पांढरा ढग आलाय, दोन बोटं रुंद. पुसला, वाळवला, फुंकर घातली. तो जाणार नाही.

घोडी आता पाकिटात आहे. ती कुठे उभी करायची ते मला माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यांच्या रेघा मी पुसल्या. म्हणजे गिटार नेऊन ठेवली आणि पळाले असं करताच येत नाही. कुणीतरी त्यांच्या समोर उभं राहून सांगायला लागणार.

ते मी करणार नाही. माझी घोडी मी सोडवली. तुमची तुम्ही सोडवा.

रविवारी सकाळच्या गाडीला मी स्टँडवर गिटार घेऊन उभी राहते. जिन्यापर्यंत येईन. काय बोलायचं ते मी पाठ करून ठेवलंय, तुम्ही अडखळलात तर मी पुढे होऊन जुळवून घेईन. आला नाहीत तर घरी परत जाईन आणि पाणावलेल्या डोळ्यांच्या मालकाने तुम्हाला काहीच दिलं नव्हतं हे आईला सांगेन. ही धमकी आहे. लहान तोंडी मोठी आहे, पण आहे.

लोभ राखून ठेवलाय, रविवारी येऊन घेऊन जा.

चिकट


१७ मार्च

चि. भाचीस,

आशीर्वाद. रविवारी बसमध्ये बसेपर्यंत मी तुझ्याशी त्याबद्दल शब्द काढला नाही, म्हणून लिहितो. आत काय झालं ते तुला कळायला हवं. एकानेच आत यावं असं त्याने दारातूनच सांगितलं, आणि तू जिन्यावर तास दीड तास पाठ केलेलं तोंडात धरून बसलीस.

खोली लहान. खिडकीशी खाट, टेबलावर औषधं, एक खुर्ची. त्याने माझ्याकडे बघितलंच नाही, आधी पेटी उघडायला लावली. मग हात फिरवला. मान, पडदे, चाव्या, चीर, पट्टी, पाठ. बोटं ढगापाशी थांबली. हे कुणी केलं, असं त्याने विचारलं. मी म्हणालो मी. तो वाकून त्याचा वास घेऊन बघत होता.

घोडी मागितली. पाकिटातून काढून दिली. वरची आणि खालची अशा दोन तारा लावायला सांगितल्या, त्याचे हात थरथरतात आणि माझी दोन बोटं वळत नाहीत, फार वेळ गेला. मग डोळे मिटून तो घोडी सरकवत राहिला. इकडे जरा, तिकडे जरा, तार छेडायची, पुन्हा सरकवायची. थांबला आणि पेन्सिल मागितली. माझ्या कानावर असतेच. मी रेघा मारायला पुढे झालो तर त्याने पेन्सिल हातातून घेतली आणि स्वतः मारल्या.

त्यानंतर विचारलं की पाण्यात गेलेली गिटार इतकी कोरडी कशी राहिली. मी बसमध्ये जे जे ठरवलं होतं त्यातलं काही आठवेना. खाटेखाली होती, एवढं सांगितलं. माफीचा शब्द तोंडातून बाहेर पडत होता तर त्याने हात वर केला. तो शब्द तसाच राहिला, अजून आहे. मग म्हणाला की जानेवारीत दवाखान्यात काट्याखालचा आवाज मी ओळखला होता, काट्याने एक्कावन्न सांगितले होते, खरे किती होते. मी म्हणालो अठ्ठेचाळीस. त्यावर तो इतकंच म्हणाला, की काट्यालासुद्धा खोटं पाडलंस. पुढच्या रविवारी येताना काटा घेऊन ये म्हणाला.

बस असं तो म्हणाला नाही. खुर्ची होती. मी उभा होतो.

तुमच्या घरी जेवण झाल्यावर तू भांडी घासत होतीस तेव्हा मी आईला सगळं सांगितलं. ती टॉवेलची घडी घालत होती. घातली, मोडली, पुन्हा घातली. शेवटी म्हणाली की आता घरी आलेल्यांना मी काय सांगायचं. आणि टॉवेल घेऊन आत गेली. तिच्याकडे माझ्यासाठी लक्ष ठेव.

रविवारी भेटू. लोभ असू दे, जमेल तसा.

मामा


९ एप्रिल

बाइंडरबाईंस,

चि. लिहावं एवढी ओळख नाही, म्हणून नुसता नमस्कार. विनंतीही आहे, पण ती शेवटी.

तुमचं चार पानी पत्र मिळालं. घडी इतकी सरळ की उघडायला जिवावर आलं. तुमच्या मामाने स्वतःबद्दल जेवढं सांगितलं त्यापेक्षा तुम्ही त्याच्या वतीने जास्त सांगितलंत. तो वाईट नाही, त्याने चाळीस वर्षं दार लावून वाजवलं, मी त्याला एकदा बस म्हणावं, वगैरे. ते मी वाचलं.

ढगाबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, मी लिहितो. सरसाचा वास वर्षभर जात नाही, आणि काटे दुरुस्त करणारा माणूस घरात सरस ठेवत नाही. ढग तुमचा आहे. त्याने तो स्वतःच्या नावावर घेतला, मी घेऊ दिला. त्याच्या अंगावर एवढं आहे, त्यात आणखी एक डाग. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. घोडी बघा, चाळीस वर्षांनी पुन्हा माझ्या रेघांवर उभी आहे. मला आता वाजवता येत नाही. एक तार छेडतो आणि विझेपर्यंत ऐकतो.

तो दर रविवारी येतो. काटा खांद्यावरून आणतो, जमिनीवर मांडतो, पाण्याच्या बाटल्या ठेवून आधी तपासतो. मी चढतो, तो मोठ्याने वाचतो. सत्तेचाळीस. सेहेचाळीस. गेल्या रविवारी पंचेचाळीस. आकडा सांगताना आवाज खोल जातो त्याचा, पण खरा सांगतो. दवाखान्यातली सगळी माणसं मला बघून आकडे गोड करतात. एक माणूस असा हवा होता.

खुर्ची अजून रिकामी आहे. तो खाटेच्या पायाशी गाडीच्या वेळेपर्यंत उभा असतो. तुमच्या हातांना चिकटवायची सवय आहे, त्यात तुमचा दोष नाही. पण घोडी चिकटवल्यावर काय होतं ते माझ्याहून तुम्हाला जास्त माहीत आहे. तेव्हा विनंती एवढीच, की आमच्यात सरस घालू नका. ताण आहे, त्यावर तो उभा आहे. राहू द्या.

लोभ असावा असं शेवटी लिहायची रीत आहे. किती आहे ते अजून काट्यावर घेतलेलं नाही.

काडी

ता. क. त्याची पेन्सिल माझ्याकडेच राहिली आहे. दर रविवारी तो ती टेबलावर बघतो आणि मागत नाही. मागितली तर सांगणार आहे, पाण्यात गेली.